थंड मशीनवर घेतलेलं माप

मशीन दुरुस्त करणारा गुरुदास मेस्त्री कुडाळहून सड्यावरच्या, म्हणजे कातळमाळावरच्या, चिरेखाणीत पोहोचला तेव्हा गंगाराम जिवंत होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्या एका गोष्टीवर टेकलेलं आहे.

खाणीच्या काठावर वरची माती काढून ढीग घातला होता. घालू नये तिथेच घातला होता, पण जागा वाचवायला गेलं की माणसांची अक्कल गहाण पडते. गुरुवारी सकाळी तो ढीग खाली आला. खाली गंगाराम चिरे तासत होता. चिरे कापायचा लोखंडी गाडा त्याच्यावर आडवा झाला, गाड्यावर माती आणि मातीवर एक कातळ. गाड्याच्या पोटाखाली वीतभर पोकळी राहिली होती, तिथून त्याचा आवाज येत होता.

"सावित्री खंय आसा?" तो सारखा विचारत होता.

"मी हयच आसंय," त्याची बायको मातीला तोंड लावून सांगत होती. खाणीवरच्या माणसांसाठी पेज रांधायचं काम तिचं. हात अजून राखेने भरलेले होते. "तू बोलू नको. दम धर."

मशीन चालवणाऱ्या चंदनने पोकलेन आणून कातळाला साखळी बांधली होती. कातळ हातभर वर उचलला आणि मशीन बंद पडलं. आता कातळ गाड्याच्या वर लोंबकळत राहिला. खाली शिरून माती उपसायची कुणाची छाती होईना, आणि किल्ली कितीही फिरवली तरी इंजिन नुसतं गरगरायचं, पेट घेत नव्हतं.

ही खोड पंधरा दिवसांची. तास-दीड तास काम करायचं आणि मशीनने मान टाकायची. मग दाजी, म्हणजे खाणीचे मुकादम आणि गावचे मानकरी, मशीनपुढे नारळ आणि विडी ठेवून जागेच्या देवचाराला, म्हणजे तिथल्या राखणदार भुताला, गाऱ्हाणं घालायचे. "बा देवचारा म्हाराजा, तुझ्या हद्दीत लोखंड चलता, काय चुकला-माकला असात तर पदरात घे!" आणि सगळे म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं, नारळ, प्रसादाची शिरणी वाटणं यात अर्धा तास जायचा. मग चंदन किल्ली फिरवायचा आणि मशीन शहाण्या बैलासारखं चालू व्हायचं. ज्या उपायाने दर वेळी गुण येतो तो उपाय कोण सोडील? भल्याभल्या डॉक्टरांना एवढा हमखास गुण येत नाही.

सोमवारी गुरुदास आला होता तेव्हाही मशीन नुकतंच बंद पडलं होतं आणि दाजींनी नारळ हातात घेतला होता. गाऱ्हाणं चालू असताना लोखंडाला हात लावायचा नाही, ही रीत. गुरुदासने चपला काढल्या आणि हात जोडून उभा राहिला. आटोपल्यावर त्याने इंजिनमागचा स्पीड सेन्सर तपासला. बोटाएवढी वस्तू ती. इंजिन किती वेगाने फिरतंय ते कॉम्प्युटरला सांगते. ती गप्प झाली की इंजिन फिरतच नाही असं समजून कॉम्प्युटर डिझेल तोडतो. गुरुदासने मीटर लावला, आकडा चोख आला. टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसला, वायर हलवून बघितली, सेन्सर परत बसवला आणि "सेन्सर बरो आसा, डिझेलच्या नळीत हवा जाता वाटता" असं सांगून गेला. आज तो पिशवीत नवी नळी घेऊन आला होता.

मशीन बंद पडलेलं बघून दाजींचा हात सवयीने नारळाकडे गेला. गुरुदास मात्र थांबला नाही. त्याने मागचं झाकण उघडलं. इंजिन तव्यासारखं तापलेलं. बोटं भाजत असताना त्याने सेन्सरची जोडणी सुटी केली, मीटर लावला. आकडाच नव्हता. आतली केसासारखी तार तापली की तुटत होती, निवली की परत जुळत होती.

"पाणी!" तो ओरडला. "पेजेचा, पिवचा, खंयचाय पाणी आणा!"

कुणीतरी कळशी आणली. त्याने गोणपाट भिजवून सेन्सरवर दाबलं, वरून पाणी ओतत राहिला. वाफ तोंडावर येत होती. खालून सावित्रीचा आवाज येत होता. ती नवऱ्याला मुलीच्या शाळेचं काहीतरी सांगत होती. मग ती नुसतीच हाका मारायला लागली.

मीटरवर आकडा आला तेव्हा नऊ मिनिटं गेली होती. चंदनने किल्ली फिरवली, मशीन चालू झालं, कातळ बाजूला गेला. माणसं मातीवर तुटून पडली. गाडा उलटवला, गंगाराम बाहेर आला. अंग अजून गरम होतं, पण त्यात काही उरलं नव्हतं.

दाजींनी डोक्यावरची टोपी काढली. गुरुदास मशीनआड नुसता बसून होता, त्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "तुझो काय दोष नाय रे, मेस्त्री. जागेवाल्या देवचारान आपला नेल्यान. आपण काय करतलो?"

सगळ्यांनी माना हलवल्या. गुरुदासनेही हलवली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. गावाने कायमचं तेच म्हटलं असतं आणि कुडाळात त्याचं नाव राहिलं असतं. खरं सांगायचं तर क्षणभर त्याला ते फार बरं वाटलं.

सावित्री उठून त्याच्यापुढे आली. ती रडत नव्हती. "मेस्त्रीनू, मशीन कित्याक बंद पडला?"

"सेन्सर गेल्लो," गुरुदास म्हणाला. "गरम झालो की मरता, थंड झालो की जितो होता."

"मगे सोमारी बरो आसा म्हणून कसा सांगलात?"

"सोमारी मी थंड झाल्यार मोजलंय. गरम असतानाच मोजूक व्हया होता. माका ठाऊक होता. शिकवलेला होता माका. पण गाराणा चलला होता, म्हणान उभो रवलंय."

दाजींचा चेहरा उतरला. "अरे, माका सांगलं असतंस तर मी थांबलो असतंय. देवचार खंय पळान जाय होतो?"

गुरुदासने विचारलंच नव्हतं. चारचौघांत आगाऊ कोण दिसेल, एवढाच हिशेब होता त्याचा.

"गरम असताना मोजूक किती वेळ लागता?" सावित्रीने विचारलं.

गुरुदास मीटरची वायर गुंडाळत राहिला.

"सांगा मा. किती?"

"दोन मिनटां."

"दोन मिनटां," सावित्री म्हणाली. मग ती परत खाली गेली आणि गंगारामच्या कानातली माती पदराने काढत बसली.