काखेतलं कापड

"काखेत दोन बोटं कापड सोडावं गं, अंग वाढतं..." आईचा आवाज तोच, ओठांत टाचण्या धरल्यामुळे दबलेला — आणि कात्रीच्या टोकाखाली तिनेच कधीकाळी घातलेली टीप, बारीक, हट्टी, सुटता सुटेना. आई गेली, कापड मात्र आत दुमडून वाट बघत बसलेलं, जराही न विटलेलं.

उद्या हाच कोट घालून, उजवा हात वर करून शपथ घ्यायची. आणि हात कानापाशी नेला की काखेत काचतं. गावभरचे कोट सैल करून देणाऱ्या शिंपिणीचा स्वतःचा कोट हा असा! शपथ झाली की ती इथली नागरिक — आणि त्याच क्षणी माहेरच्या देशाची उरणार नाही, तिथला कायदाच तसा. नवऱ्याचे मात्र दोन पासपोर्ट, एक जन्माने मिळालेला, एक त्याच्या आईकडून, एकाच खणात सुखाने नांदणारे.

"आमचा देश सवत चालवून घेतो," चहा पुढे ठेवत तो म्हणाला, "तुझा नुसतं तिचं नाव काढलं तरी दार लावतो."

"तुझं बरंय रे, दोन्ही घरचा लाडका!"

ती हसली. मग आठवलं, हसायचं नव्हतं... माहेरचा देश सुटणार म्हणून शेजारीण कालच हळहळून पाठ थोपटून गेली होती, आणि हिनेही मान खाली घालून थोपटून घेतलं — लबाड कुठली! आत तर आनंद गिरक्या घेत होता. गल्लीतली शाळा ठेवायची की हलवायची, म्हणून सभेत फक्त नागरिकांचे हात मोजले, तेव्हा त्या शाळेचे गणवेश शिवणारा हिचा हात मांडीवर पडून होता, झोपलेल्या मांजरासारखा. त्या दिवसापासून त्या हाताला वर जायचं होतं... पण हे बाबांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

कच्चा दोरा घालून ती कोट अंगात चढवतेय तोच फोन वाजला. बाबाच.

"काय चाललंय, पोरी?"

"कोट सैल केला. आईने आत कापड सोडलं होतं."

"तुझी आई आणि तिचं कापड!" ते हसले, मग आवाज उतरला. "वाईट वाटून घेऊ नकोस हं. कायद्यापुढे आपलं काय चालतं? तुझ्यावर जबरदस्तीच ही."

'हो' म्हटलं की सुटली असती. तिने हात उचलला... गेला की वर, अलगद, कुठेच न काचता! अंग कुठे कुठे वाढतं, हे आईला ठाऊक असेल?

"बाबा," हात तसाच वर ठेवून ती म्हणाली, "जबरदस्ती नाही हो. मला हवंय हे. मनापासून हवंय."