सासूबाईंची पकड

प्रयोगशाळेसाठी बनवलेले काचेचे चंबू खोक्यात भरायचं काम सासूबाई एकोणीस वर्षं करत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी तीनच चंबू फोडले, त्यातला एक मुद्दाम, मुकादमाच्या पायाशी. अशा बाईच्या जागी यंत्रमानव बसवायला जो इंजिनियर आला, तो नेमका त्यांचाच जावई. आधी लेक नेली, आता खुर्ची न्यायला आला.

"आई, याला नियम शिकवायचे नसतात," त्यांच्या हातात तारांचा मोजा चढवत जावई म्हणाला. "तान्ह्या पोराचा मेंदू समजा. डोळ्यांतल्या कॅमेऱ्यांनी बघणार, तुमच्या मोज्यातून दाब ओळखणार. ज्या दोन गोष्टी एकदम घडतात, त्यांची हा आपोआप गाठ मारतो."

"मारू दे. पण त्याचा शेंबूड मी पुसणार नाही, जावईबापू."

तीन महिने यंत्रमानव समोर बसून टक लावून बघत होता. जावई दिवसातून दहादा येऊन टोचायचा. मनगट सरळ ठेवा. बडबड नको. लेकीसारखा हट्ट करू नका. तो दिसला की सासूबाईंच्या मुठीतल्या चंबूची मान आवळली जायची. फुटायच्या केसभर अलीकडे त्या थांबायच्या. मनात मात्र ती मान काचेची नसायची.

परीक्षेच्या दिवशी मालक आले. "हा पास झाला की सोमवारपासून तुम्ही घरी," मुकादमाने सासूबाईंच्या कानात आनंदाने सांगितलं.

यंत्रमानवाने अकरा चंबू फुलासारखे उचलून ठेवले. सासूबाईंनी डब्याची पिशवी जवळ ओढली. एवढ्यात जावई, ज्याने सगळ्या चाचण्या मागच्या केबिनमधून पडद्यावरच पाहिल्या होत्या, छाती काढून पुढे आला.

"बघा साहेब, अगदी आमच्या सासूबाईंचा हात!"

खळ्ळ!

जावई धावत केबिनमध्ये गेला. चार चंबू नीट गेले. तो हसत परत आला. खळ्ळ!

"सेन्सर... काल तर ठीक होता," जावई पुटपुटला.

सासूबाईंनी पाहिलं. यंत्रमानवाचे डोळे जावयावर खिळले होते आणि लोखंडी बोटं आवळलेलीच होती. त्या बोटांना केसभर अलीकडे थांबणं काही जमलं नव्हतं. बाकी पोर गुणाचं निघालं.

"शेवटची संधी," मालक गुरगुरले. "हे जमलं नाही, तर गुंडाळा तुमचं चंबूगबाळं."

जावई केबिनकडे वळला. तो गेला की खुर्ची गेली. सासूबाईंनी झटकन स्टूल पुढे सरकवलं, अगदी यंत्रमानवाच्या नाकासमोर.

"अहो जावईबापू, जाता कुठे? बसा ना इथे. आपलं माणूस समोर असलं की हाताला बळ येतं."

जावई गहिवरला. लग्नाला सहा वर्षं झाली होती. 'बसा' आज पहिल्यांदाच ऐकलं होतं. तो ऐसपैस बसला.

यंत्रमानवाने चंबू उचलला आणि जावयाकडे पाहिलं.

झाडू सासूबाईंनी आधीच हातात घेतला होता.