मेंढरं उठतात त्या जागा

उत्तरेश्वर रोज आठ वाजता नांदूरघाटच्या भाड्याच्या खोलीतून मोटारसायकलवर निघे आणि वीस मिनिटांनी सोसायटीचे चेअरमन आसाराम तात्या यांच्या पडीक रानात पोचे. तिथे जमिनीत प्लास्टिकच्या जाड पाइपाची बारा कडी रोवलेली होती. नऊ वाजता तो पहिल्या कड्यावर झाकण बसवी, झाकणाच्या रबरी बुचात सुई खुपसून आतली हवा सिरिंजमध्ये ओढी आणि ती काचेच्या कुपीत भरी. वीस मिनिटांनी पुन्हा, चाळीस मिनिटांनी पुन्हा. मग कुपीवर वेळ आणि कड्याचा क्रमांक लिही. मातीचं तापमानही नोंदवी. छत्तीस कुप्यांचा खोका दुपारच्या एसटीने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जाई. गेले बारा दिवस यात खंड पडला नव्हता.

तो मोजत होता नायट्रस ऑक्साइड. गुरांच्या ढेकरातून बाहेर पडणाऱ्या वायूबद्दल आता बरेच जण बोलतात, पण रानात बसवलेल्या मेंढरांच्या मुतातून, लेंड्यांतून काय वर जातं याची मोजदाद फारशी कोणी केलेली नव्हती. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट उष्णता धरून ठेवतो. उत्तरेश्वरचा सारा प्रबंध त्यावर होता.

पावसाने दगा दिलेलं ते दुसरं वर्ष. म्हाळू आणि मनकर्णा या धनगर जोडप्याची एकशे चाळीस मेंढरं गावच्या शेतकरी सोसायटीच्या सभासदांच्या रानांत रात्रीची बसत होती. सध्या ती तात्यांच्या रानात होती; तिथे दर तीन रात्रींनी त्यांची जागा हले आणि तिच्यामागे उत्तरेश्वरची कडीही. रानाला खत मिळे आणि त्या बदल्यात सोसायटीच्या विहिरीचं पाणी मेंढरांना हौदावर मिळे. मात्र विहीर खाली गेल्यावर काही सभासद कुरकुरू लागले होते. सोसायटी विद्यापीठाच्या प्रकल्पात होती आणि ज्या खतातून वायू कमी निघेल त्यालाच पाठबळ द्यायचं, असं तिथे ठरलेलं होतं. उत्तरेश्वरच्या बारा दिवसांच्या आकड्यांत वायू जवळजवळ नव्हताच. त्या आकड्यांचा कागद तात्यांच्या फायलीत गेला होता. शनिवारच्या बैठकीत तो वाचायचा आणि पावसापर्यंत मेंढरांचं पाणी मंजूर करून घ्यायचं, असा तात्यांचा बेत होता.

रविवारी मनकर्णा वाघूर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी, गुंडाळत त्याच्याजवळ आली. म्हाळू मेंढरं घेऊन सातलाच हौदाकडे गेला होता.

"काय मास्तर, निघाली का पिल्लं?" ती म्हणाली. "बारा दिस झाले डालगी झाकून बसलाव."

"हवा मोजतोय मावशी."

"कशाची?"

"मेंढरांच्या मुताची."

ती थांबली. एकेक कडं तिने नीट पाहिलं. मग पदर तोंडाला लावून हसली.

"मग हितं कावून मोजता? हितं तर मेंढरं बसत्यात."

"तेच तर. इथंच लेंड्या जास्त आहेत."

"लेंड्या असतील. पन मेंढरू बसल्या जागी मुतत न्हाई बाबा. झुंजूमुंजू झालं की उठतंय, अंग झाडतंय, वाघूर उघडायच्या बाजूला चार पावलं जातंय, मग मुततंय. सगळा कळप तिकडं त्या कडंला. तुमी येईस्तोवर माती पिऊन घेती, ऊन लागतंय. तुमाला कसं दिसंल?"

उत्तरेश्वरने तिने दाखवलेल्या कडेकडे पाहिलं. माती इतर रानासारखीच भुरकट होती. तो उकिडवा बसला, चिमूटभर माती उचलून नाकाशी नेली. वास तिखट होता.

बारा दिवस तो चुकीच्या जागेची हवा मोजत होता. मार्गदर्शकांनी नकाशा तपासला होता, कड्यांमधलं अंतर तपासलं होतं. मेंढरू उठल्यावर काय करतं हे मात्र त्या नकाशात कुठेच नव्हतं.

तिला अंधारात ठेवणं त्याला बरं वाटलं नाही. "मावशी, तिथं मोजलं तर आकडा वाढणार. शनिवारी तुमच्या पाण्याचं ठरायचंय, ते या आकड्यावरच. पाणी बंद होऊ शकतं."

मनकर्णा वाघुरीची गाठ सोडवत राहिली. "अकरा मेंढ्या व्यायला झाल्यात," ती म्हणाली. "हितलं पानी तुटलं तर दिंद्रुडपतोर चालायच्या न्हाईत त्या."

"म्हणूनच सांगतोय."

"मग काय, मोजू नका म्हनू? आमी काय चोरून मुतवतो का मेंढरं?" गाठ सुटली. "उद्या उजाडायच्या आत या. नऊला येऊन काय घावतंय."

सोमवारी तो पावणेसहाला पोचला. म्हाळू वाघुरीशी उभा होता. "या साहेब. मेंढरं उठायचीच थांबलीत तुमच्यासाठी," तो म्हणाला. थोड्या वेळाने कळप एकेक करून उठू लागला. मनकर्णा कडेला उभी राहून बोट दाखवी आणि उत्तरेश्वर तिथे खडा ठेवी. मेंढरं बाहेर पडली तेव्हा बारा खडे झाले होते. ओली जागा वाळायच्या आत त्याने कडी तिथे ठोकली. एक कडं तिरपं बसलं, ते मनकर्णाने पायाने दाबून सरळ केलं.

तीन दिवसांच्या कुप्यांचे आकडे शुक्रवारी आले. वायू आधीच्या नऊ पट होता.

तो तसाच सोसायटीत गेला. आसाराम तात्या आणि सेक्रेटरी बद्रीनाथ बैठकीचे कागद लावत होते. उत्तरेश्वरने सगळं सांगितलं. चूक आधी सांगितली, आकडा नंतर.

"पहिलाच कागद बरा होता बे," बद्रीनाथ म्हणाला. "कोन बघायला येणार हाय?"

"मी बघितलंय ना," उत्तरेश्वर म्हणाला.

तात्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हाळू एका जागी किती रात्री बसवतो?"

"तीन."

"आन् रोज जागा हलवली तर कमी येईल?"

"एकाच जागी पुन्हा मूत पडणार नाही, तेव्हा कमी यावा. पण माहीत नाही तात्या. मोजावं लागेल. युरियातूनही हा वायू निघतो, तसल्या रानाशीही ताडून बघावं लागेल. महिना तरी जाईल."

"आन् मोजायला मेंढरं लागतील का न्हाई?"

"लागतीलच."

"मंग त्यास्नी पानी पाजावं लागंल," तात्या बद्रीनाथकडे वळून म्हणाले. "ल्ही. मोजनी पुरी होईपतोर हौद चालू. म्हाळूनं रोज जागा बदलायची. नवा आकडा उद्या मी सोता वाचतो. वरडनारे वरडतील, त्यांचं मी बघतो."

बद्रीनाथने मान हलवली आणि लिहायला घेतलं.

एका महिन्यात त्या अकराही मेंढ्या वितील, हे उत्तरेश्वरला मनातल्या मनात मोजता आलं. आपला प्रबंध या वर्षी पुरा होणार नाही, हेही. पण त्याला हलकं वाटत होतं.  त्याने फाइल मागितली.

जुना कागद काढून त्याने त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. फाडला नाही. खाली लिहिलं: "जागा चुकली. योग्य जागा मनकर्णा म्हाळू यांनी दाखवली." सही केली, तारीख घातली. नव्या आकड्यांचा कागद त्याच्यावर लावला आणि फाइल बद्रीनाथच्या हातात परत दिली.