सहज अभिनय

तिने शॉट थांबवला, मागे नेला आणि पुन्हा लावला. पडद्यावर नटी कपाटातून बशी काढत होती. डाव्या हाताचा अंगठा बशीवर टेकलाच नाही, बाजूला लोंबत राहिला, आणि बशी निसटली.

"ही जरा जास्तच करते," ती म्हणाली. "कोणाची बशी अशी पडते?"

मागे खुर्चीत बसलेल्या नवऱ्याने ते ऐकून घेतलं. एरवी आपल्या नटांबद्दल तो एक अक्षर ऐकून घेत नसे.

तिचं एडिटिंगचं टेबल झोपायच्या खोलीत होतं, कारण दुसरी रिकामी खोलीच नव्हती. चांगली नोकरी सोडून तो सिनेमे करायला निघाला, तेव्हा झाडून सगळे नातेवाईक म्हणाले, पोरगं हातचं गेलं. पहिला सिनेमा त्याने घरातच काढला, स्वतःच्या वडिलांना घेऊन. म्हातारा जिना चढतो, मध्येच थांबतो, जबडा चोळतो, पुन्हा चढतो. बस, एवढंच. महोत्सवातल्या परीक्षकांनी सिनेमा डोक्यावर घेतला. काय नजर आहे म्हणाले. सासरे तो सिनेमा बघायला उरले नाहीत, त्याआधीच हृदयविकाराने गेले. बक्षीस घेताना नवरा ढसाढसा रडला आणि खाली बसलेली तीही रडली.

पुढच्या सिनेमांकडे कुत्रंही फिरकलं नाही. निर्मात्याने आता स्वच्छ सांगितलं होतं, पहिल्यासारखं काहीतरी आण, नाहीतर राम राम. मग त्याने ही पटकथा लिहिली. एका बाईचं अंग हळूहळू तिचं ऐकेनासं होतं. वाचताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतकं बारीक याला सुचतं तरी कसं, असं वाटून अभिमानही वाटला होता.

बेल वाजली. नटीच होती. चाचणीचे शॉट झाले होते, खरं शूटिंग पुढच्या आठवड्यात, याच घरात. त्याआधी तिला म्हणे घराची सवय करून घ्यायची होती. तेवढ्यात निर्मात्याचा फोन आला म्हणून नवरा गच्चीत गेला.

ती चहा टाकायला वळली. नटी ओट्याला टेकून उभी राहिली. पोर गोड होती, पण तिची नजर काही तोंडावर ठरेना. साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. तिने डाव्या कोपराने डबा पोटाशी दाबला आणि उजव्या हाताने झाकण फिरवलं. नटीचाही हात तसाच पोटाशी गेला.

"ताई, रागावणार नाही ना? हे तुम्हाला कधीपासून होतंय?"

"काय?"

"डबा पोटाशी धरता ते. सर म्हणाले, विचारू नकोस, नुसती बघत राहा. पण कारण कळल्याशिवाय मला करताच येत नाही हो."

तिने डबा ओट्यावर ठेवला. कितीतरी दिवस बटणं ती एकट्या उजव्या हाताने लावत होती. डावा हात अवघडला असेल, माउस धरून धरून कोणाचाही अवघडतो, असं स्वतःला समजावत होती. माउस ती उजव्या हाताने धरायची.

आणि मग तिला सासरे दिसले, जिन्यावरचे. तो शॉट तिनेच एडिट केला होता. कॅमेऱ्यामागून नवऱ्याचा आवाज येत होता, बाबा, परत एकदा, आणि मघाशी जबडा चोळलात ना, तसाच चोळा. आवाज नको होता, म्हणून तिनेच तो काढून टाकला होता.

नवरा आत आला. दोघींचे चेहरे बघून काय ते समजला. नटी मुकाट्याने बाहेरच्या खोलीत गेली.

"तुला कधी दिसलं?" तिने विचारलं.

"गेल्या हिवाळ्यात."

"आणि डॉक्टर?"

"शूटिंग आटपलं की लगेच. अगं, चांगला डॉक्टर बघूनसुद्धा ठेवलाय."

"बाबांसाठीही बघून ठेवला होतास?"

तो जवळ आला, गॅस बंद केला आणि तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. त्याचा जीव होता तिच्यावर, याबद्दल तिला आजही शंका नव्हती, आणि त्याचीच तिला आता भीती वाटली. तिने होती नव्हती ती ताकद लावून मूठ वळली. तो तिचं एकेक बोट हळूच सोडवू लागला.

"अशी आवळू नकोस गं," तो कळवळून म्हणाला. "म्हणूनच तुला सांगत नव्हतो. एकदा कळलं की माणूस सहज राहत नाही."