टोपावर टोप

भविष्यकाळात सगळ्यांचे केस चंदेरी होणार आहेत, हे मला केयूरने सांगितलं. केयूर म्हणजे आमच्या चाकणच्या गाड्यांच्या कंपनीतला नवा इंजिनिअर. पोरगा हुशार आहे, पण परग्रहावरच्या मालिका बघून बघून त्याला पृथ्वीवरची शिफ्ट नकोशी झालीय. सुरक्षा सप्ताहात आमच्याकडे प्रत्येक लाइनने एक नाटुकलं बसवायचं असतं. हेल्मेट घाला, मशीनचं गार्ड काढू नका, एवढंच सांगायचं, पण दर वर्षी नव्या तऱ्हेनं. यंदा आमचं नाटुकलं केयूरने लिहिलं. शंभर वर्षांनंतरचा माणूस काळयानातून आमच्या लाइनवर उतरतो आणि बिनहेल्मेटच्या कामगाराला झाप झाप झापतो.

झापणारा म्हणून सगळ्यांनी एकमताने मला निवडलं. "ज्योतीराममामांना वेगळा अभिनय करायची गरजच न्हाई," असं दिग्विजय म्हणाला. दिग्विजय लाइनवर माझ्या शेजारच्या जागेवर कामाला असतो. नाटुकल्यात कामगाराचं काम त्याच्याकडे होतं.

"पण मी भविष्यातला आहे हे लोकांना कळणार कसं?" मी विचारलं.

"विग, काका!" केयूरचे डोळे चमकले. "टीव्हीवर असंच करतात. यान बनवायला खर्च येतो, ग्रह बनवायला त्याहून जास्त. मग माणसाला चंदेरी विग घालायचा, की झाला तो भविष्यातला. हिरवा घातला की परग्रहावरचा. कपाळावर एक बट सोडली की खलनायक!"

"एवढं विज्ञान पुढे जाऊन शेवटी केसांवरच आलं का?" मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो, पण हात आपोआप डोक्यावर गेला. कारण माझ्या डोक्यावर जे केस होते तेच मुळात माझे नव्हते.

तरुणपणी टायफॉइडमध्ये माझे केस गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये होतो. तिथे जाता-येता प्रत्येक जण माझ्या डोक्यावर तबला वाजवायचा. मालकसुद्धा. लोकांना वाटायचं, ज्योतीराम हसतोय म्हणजे त्याला चालतंय. मला अजिबात चालत नव्हतं. घरी येऊन मी जेवायचोसुद्धा नाही. चाकणला मुलाखतीला जाताना टोप घालून गेलो, आणि एकदा टोप घालून नोकरी लागली की दुसऱ्या दिवशी टक्कल घेऊन कोणत्या तोंडाने जाणार? तेव्हापासून माझी बायको शैला सोडली तर ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती.

या टोपाच्या पायी मी काय काय सोसलं ते माझं मला माहीत. आमच्या लाइनवर एक मॅनकूलर आहे, म्हणजे भला मोठा उभा पंखा. चहाच्या सुट्टीत सगळे हेल्मेट काढून त्याच्यासमोर फतकल मारतात. मी बाजूला बसायचो. टोप उडू नये म्हणून मला वारा नकोच होता, पण म्हणून काय एकदाही विचारू नये? पंख्याची पाठ कायम माझ्याकडे. कुणी नवा पोरगा आला तरी तोच प्रकार. वयाचा मान वगैरे काही राहिलेला नाही, असं मी शैलाला कितीदा तरी सांगितलं असेल.

तालमीच्या वेळी केयूरने भाड्याने आणलेला चंदेरी विग पिशवीतून बाहेर काढला. खांद्यापर्यंत रुळणारे कुरळे केस. "काका, तुमचे केस दाट आहेत. आधी जाळी घालून ते घट्ट दाबून घेऊ," असं म्हणत त्याने माझ्या डोक्याकडे हात नेला.

"हात लावायचा नाही!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की पलीकडच्या लाइनवरचे लोक वळून बघायला लागले.

"ए केयूर, मामांचं मामा बघतील. इकडं ये जरा," म्हणत दिग्विजयने त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. मला वाटलं, वाचलो.

थेरगावला घरी येऊन मी शैलाला सगळं सांगितलं. "अहो, सांगून टाका ना एकदाचं," ती म्हणाली. "घामाने पुरळ उठलंय डोक्यावर. किती दिवस लपवणार?" पण माझ्या कानात तबला वाजत होता. मी ठरवलं, आपल्या टोपावरच चंदेरी टोप घालायचा. नाटकाच्या दिवशी घसरू नये म्हणून मी मधे दोन्ही बाजूंनी चिकटणारी डबल टेप लावली. टेप साधी नव्हती. गाडीच्या मागच्या दारावर कंपनीचं नाव चिकटवायला आम्ही वापरतो ती. ती एकदा बसली की गाडी भंगारात गेली तरी नाव निघत नाही. दोन्ही टोप असे चिकटले की मीच मला शाबासकी दिली.

जन्म गेला माझा जोडकामात, आणि साधी गोष्ट सुचली नाही. वरचा जोड पक्का केला की सगळी ओढ खालच्या कच्च्या जोडावर येते. माझा टोप कानांमागच्या चार केसांना लावलेल्या चिमट्यांच्या आणि देवाच्या भरवशावर होता.

कॅन्टीनमध्ये स्टेज बांधलं होतं. पुढच्या रांगेत प्लँटचे मोठे साहेब, मागे सगळी शिफ्ट. नाटुकलं रंगलं. मी दिग्विजयला इतकं मनापासून झापलं की टाळ्या पडल्या. शेवट असा होता, की भविष्यातला माणूस स्वतःचं हेल्मेट काढून कामगाराला देतो. मी ऐटीत हेल्मेटला हात घातला. हेल्मेट डोक्यावर घट्ट करायची आत जी चक्री असते, तिच्यात चंदेरी बटा अडकल्या होत्या. मी जोर लावला. कर्र आवाज झाला आणि डोक्याला एकदम गार लागलं.

हेल्मेट माझ्या हातात होतं. त्यात चंदेरी टोप होता, आणि त्याला चिकटलेला काळाही. मी तबल्याची वाट बघत उभा राहिलो.

दिग्विजय एक पाऊल पुढे आला. "साहेब," तो अगदी नाटकातल्या आवाजात मला म्हणाला, "शंभर वर्षांनीसुद्धा टकलावर औषध निघालं न्हाई व्हय?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता, मला हात देत होता. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नाही निघालं! केस गेले तर टोप मिळतो. डोकं फुटलं तर दुसरं कुठून आणणार? घाल हेल्मेट!"

कॅन्टीन दणाणलं. मोठे साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. लोक हसत होते, पण माझ्यावर नाही, वाक्यावर. या दोन हसण्यांतला फरक ज्याने भोगलाय त्याला लगेच कळतो. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं.

कपडे बदलताना मात्र मला राहवलं नाही. "दिग्या, तुला दचकायलासुद्धा झालं नाही?"

तो बुटाची नाडी सोडत बसला. "मामा, आमाला म्हाईत होतं."

"कधीपासून?"

"मी लागलो त्या दिवशीच सांगितलं होतं मला जुन्या लोकांनी. आमी पण सांगतो नव्या माणसाला. पाण्याची टाकी इकडं, आग लागली तर बाहेर पडायचा दरवाजा तिकडं, आन् मॅनकूलर मामांकडं वळवायचा न्हाई."

मी बाकावर बसलो.

"मला हे सांगायचं यांच्याकडून राहिलं होतं, म्हणून तालमीत घोळ झाला," मागून केयूर म्हणाला. "मग मी नाटकातून विगच काढणार होतो, काका. पण मग आम्हाला माहीत आहे हे तुम्हाला कळलं असतं."

इतकी वर्षं मी ज्यांना बेपर्वा समजून शिव्या घातल्या, ते इतकी वर्षं मला सांभाळत होते.

दुसऱ्या दिवशी टोप घरीच ठेवला. शैला दारात उभी राहून बघत होती. नुसती हसली. चहाच्या सुट्टीत मी सगळ्यांबरोबर हेल्मेट काढलं. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. दिग्विजय उठला, मॅनकूलरच्या चाकाला पायाने रेटा दिला आणि पंखा माझ्याकडे वळवला. उघड्या डोक्यावर वारा आला. मान, कान, कपाळ, सगळं गार झालं, आणि मला सगळ्यांसमोर रडू फुटलं.

"लई लागतोय का वारा, मामा? वळवू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "राहू दे रे तसाच."