लाइट गेल्यावरचं पाणी

वाशीमला निघताना लिलाबाईनं नाल्यातलं गढूळ पाणी कॅनमध्ये भरून घेतलं, तेव्हा तिची सून पौर्णिमा कपाळाला हात लावून उभी राहिली.

"आई, शहरात चाललो आपण. हे घाण पाणी कायले घेऊन राह्यल्या?"

"मशीन घ्याले चाललो ना? मंग मशीनले आपलं पाणी दाखवा लागन का नाई?"

पौर्णिमानं पुढं वाद घातला नाही. सासूशी वाद घालून कुणी जिंकल्याचं तिला आठवत नव्हतं.

केनवडच्या पुढं फाट्यावरून आत वळलं की नाल्याच्या वळणात त्यांचं गाव होतं. खालच्या सपाट जमिनीवर मोठ्या शेतकऱ्यांची घरं, ग्रामपंचायत, विहीर. आणि मागच्या खडकाळ टेकाडावर बौद्धांची वस्ती. टेकाडावर घर बांधायचं म्हणजे पाया खणतानाच कंबरडं मोडायचं. पण त्याच टेकाडाच्या माथ्यावर वस्तीनं पैसा पैसा जमवून विहार उभा केला होता.

मागच्या पावसाळ्यात नाला पुलावरून वाहिला आणि गाव तुटलं. लाइट गेली. ग्रामपंचायतीजवळचा पाणी शुद्ध करणारा आरओ बंद पडला. लोक मिळेल ते पाणी प्यायले आणि घराघरांत हगवण सुरू झाली. लिलाबाईची नात स्नेहा, पौर्णिमाची पोरगी, इतकी सुकली होती की तिला हाक मारली तर डोळे उघडायचे आणि लगेच मिटायचे. पाणी जरासं उतरल्यावर तिला ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेलं. पोरगी वाचली. पण ट्रॉलीत तिला मांडीवर घेऊन बसलेल्या लिलाबाईच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट पक्की बसली: पुढच्या पुराच्या आधी, लाइट नसताना गढूळ पाणी प्यायच्या लायकीचं करणारं काहीतरी वस्तीत पाहिजे.

ती बचत गटाची अध्यक्ष होती. गटाच्या पैशातून मशीन घ्यायला बायकांनी लगेच होकार दिला. त्यांच्याही घरी पोरं आजारी पडली होती. सरपंच उकंडरावांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी तिला रस्त्यात थांबवलं.

"लिलाबाई, गावात आरओ हाये ना. कायले खर्च करून राह्यल्या?"

"आरओ लाइटवर चालते, भाऊ. अन आपल्याकडं लाइट पयल्या वाऱ्याले जाते."

"जनरेटर घेऊ ना औंदा."

"घ्या. चांगलंच हाये. आमी आमचं पाहतो."

उकंडराव हसले. माणूस वाईट नव्हता. आरओ त्यांनीच मंजूर करून आणला होता, म्हणून त्याच्यावर त्यांचा जीव होता.

वाशीमच्या पहिल्या दुकानात काचेमागं चकचकीत मशिनी मांडल्या होत्या. दुकानदारानं एकेकीचं वर्णन सुरू केलं. लिलाबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लाइट गेली तर?"

"लाइट आली की चालू होते, मावशी."

दुसऱ्या दुकानात बिनालाइटची मशीन होती. वरून पाणी ओतायचं, खाली गाळून येतं. लिलाबाईनं कॅनचं झाकण उघडलं तसा दुकानदार मागं सरकला. "अहो, हे नाही टाकायचं! नळाचं पाणी टाकायचं. याने आतलं सगळं चोक होईल."

"चोक झाली तर साफ कशी करता?"

"मग आतला भाग नवीन घ्यावा लागतो."

"अन गावाचा रस्ता बंद असला तर?"

त्यानं मशीन परत फळीवर ठेवली. दोघी बाहेर पडल्या. ऊन चढलं होतं. कॅनच्या वजनानं पौर्णिमाचा हात भरून आला. आणखी दोन दुकानं झाली. एका ठिकाणी तर काउंटरवरची पोरं तोंडावर हात धरून हसली. पौर्णिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण लिलाबाईनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही.

शेवटी पंप आणि पाइप विकणाऱ्या रतनसिंगच्या दुकानात त्या आल्या. रतनसिंगनं तिचं बोलणं अर्ध्यात तोडलं नाही. आत जाऊन त्यानं एक पांढरं पिंप आणलं. बाजूला हातपंपासारखा दांडा, आत बारीक पोकळ नळ्यांचा जुडगा.

"हात से चलता है, बाई. लाइट नको. पाणी या नळ्यांतून दाबून जाते, गाळ अन जंतू बाहेरच राहतात. लेकिन एक बात. खारं पाणी गोड नाही होत याच्यात, अन शेतातलं औषध मिसळलं असंल तर तेही नाही निघत."

आतापर्यंत मशिनीला काय जमत नाही ते सांगणारा हा पहिलाच माणूस होता. लिलाबाईनं कॅन पुढं केली.

रतनसिंगनं पाणी आधी फडक्यातून गाळलं, पिंपात ओतलं आणि दांडा मारू लागला. तोटीतून पाणी आलं. स्वच्छ, काचेसारखं. लिलाबाईनं गिलास भरला आणि त्याच्यासमोर धरला.

"पयले तुमी प्या."

रतनसिंग गिलास तोंडाला लावून गटागटा पिऊन गेला. "अब बोलो!" असं म्हणून त्यानं मिशा पुसल्या.

तरी लिलाबाईनं लगेच मशीन घेतली नाही. आरोग्य उपकेंद्रात पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या मिळतात, त्यातल्या दोन तिनं सोबत आणल्या होत्या. दूषित पाणी घातलं की त्या काळ्या पडतात. तिनं एका बाटलीत नाल्याचं पाणी भरलं, दुसरीत मशिनीचं, आणि दोन्ही घरी नेऊन चुलीजवळ उबेला ठेवल्या. दुसऱ्या दिवशी नाल्याची बाटली काळीकुट्ट झाली होती. दुसरी होती तशीच होती. तेव्हा कुठं तिनं पौर्णिमाला रतनसिंगला फोन लावायला सांगितलं.

मशीन आली तेव्हा काही बायकांचे चेहरे पडले. "इतुसंच? हे काय पुरन व?" म्हणाल्या. लिलाबाईनं त्यांना दांडा मारायला लावला. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी फडक्यातून गाळायचं, मग मशिनीत घालायचं. आणि नळ्या तुंबल्या की उलट्या बाजूनं स्वच्छ पाणी मारून धुवायच्या. वर्षावासाच्या पावसाळी महिन्यांत बायका विहारात जमायच्याच. वंदना झाली की एकेकीला ती हे करून दाखवायला लावायची. तिचा नवरा माणिकराव चिडवायचा, "आता परीक्षा घेतं का साऱ्याइची?"

"घेतो तर," ती म्हणायची. "तुमचीबी घेतो."

सोयाबीन शेंगांवर असताना पावसानं गावाला घेरलं. आभाळ फाटल्यासारखा कोसळत राहिला. नाला पुलावर चढला, शेतं पाण्याखाली गेली. लाइट तर पहिल्याच संध्याकाळी गेली होती. उजाडलं तेव्हा आरओच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं आणि विहिरीचं पाणी चहासारखं लाल झालं होतं. जनरेटर काही आला नव्हता.

लिलाबाईनं विहाराच्या ओट्यावर मशीन मांडली. बायकांनी विहिरीचं पाणी वर आणायच्या आणि दांडा मारायच्या पाळ्या लावल्या. दुपारपर्यंत वस्तीतल्या सगळ्या घरांत पाणी पोचलं. मग ती पौर्णिमाला म्हणाली, "खाली जाय अन गावात सांग. पाणी सगळ्याइसाठी हाये म्हणा. झाकणाचं भांडं घेऊन या म्हणा."

"येतीन का ते, आई?"

"तू सांग तं खरं."

गावात आता कुणी कुणाला पाण्यावरून अडवत नव्हतं. पण खालच्या घरांतल्या जुन्या बायका वस्तीत कुणाकडं पाणी प्यायल्या नव्हत्या, आणि विहाराच्या पायऱ्या तर कधीच चढल्या नव्हत्या. त्यावर कुणी काही बोलायचं नाही, एवढंच.

त्या दिवशी काही तरुण पोरं कॅन घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुवाधार पावसात छत्री धरून उकंडरावांची बायको गोजराबाई आली. एका हातात पितळी कळशी, दुसऱ्या हाताशी नात संस्कृती. पोरीचे ओठ कोरडे पडले होते. गोजराबाई खालच्या पायरीशीच थांबली.

"लिलाबाई, पाणी पाह्यजे होतं व माय. घरी उकळाले सरपण सुकं नाई. गॅसबी संपला."

लिलाबाईला तिथूनच कळशी घेऊन भरून देता आली असती. ती ओट्याच्या कडेला आली.

"मंग वर या ना. पावसात काहून उभ्या?"

गोजराबाईनं पायऱ्यांकडं पाहिलं. मग छत्री मिटली, पदर खोचला आणि नातीचा हात धरून वर आली. लिलाबाईनं आधी पोरीला गिलास दिला, मग तिला. गोजराबाईनं तो एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढं केला.

"गोड हाये व," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर टेकाडाची वाट रिकामी राहिली नाही. हंडे, कळश्या, बाटल्या, डबे. उकंडरावही आले. त्यांनी बाही सरसावली आणि दांडा हातात घेतला. पाणी भरायला आलेल्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

आणि तिसऱ्या दिवशी, ओट्याखाली रांग लागलेली असताना, मशिनीचं पाणी थेंबाथेंबावर आलं. उकंडराव अंगाचा जोर लावून दांडा दाबत होते, तो जागचा हलेना.

"गेली मशीन," ते हळूच म्हणाले. रांगेत कुजबूज सुरू झाली.

लिलाबाईच्या मनात आलं, आपणच निवडली, आपणच सगळ्यांना वर बोलावलं. तिनं हात पदराला पुसले.

"गेली नाई, भाऊ. तुंबली. जरा सरका."

तिनं पौर्णिमाला हाक मारली. दोघींनी मिळून खालची तोटी उघडली, नळी फिरवली, गाळून ठेवलेलं स्वच्छ पाणी उलट्या बाजूनं मारलं. आधी काहीच झालं नाही. लिलाबाईनं ओठ घट्ट मिटून पुन्हा जोर लावला. एकदम भसकन गाळाचा लोंढा बाहेर आला, काळपट, चिखलाचा, आणि ओट्यावरून खाली वाहत गेला. मग तपकिरी पाणी, मग फिकं, मग नितळ. तिनं तोटी बंद केली, नळी जागेवर लावली आणि दांडा मारला.

स्वच्छ पाण्याची धार घागरीत वाजली.

रांगेत कुणीतरी शिट्टी मारली. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माणिकराव मागून ओरडला, "पास झाली व माही बायको!" आणि ओटा हसण्यानं दणाणून गेला. उकंडराव सगळ्यांत मोठ्यानं हसले.

नाला उतरला तसं आरोग्य पथक ट्रॅक्टरवर बसून आलं. औषधांची खोकी, सलाइनच्या बाटल्या. तरुण डॉक्टरीणबाईनं विचारलं, "हगवणीचे पेशंट कुठं ठेवले आहेत?"

"नाईत," उकंडराव म्हणाले.

"नाहीत म्हणजे?"

"म्हणजे एकबी नाई, मॅडम. घरोघर फिरून पाहा."

ती खरंच घरोघर फिरली. खालचं गाव झालं, वस्ती झाली. एकाला ताप होता, एकाच्या पायाला जखम होती. खोकी तशीच्या तशी परत ट्रॅक्टरवर चढली. उकंडरावांनी विहाराच्या ओट्यासमोर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पुढच्या ग्रामसभेत खालच्या गावासाठीबी अशी मशीन घ्याची. अन निवडाले लिलाबाई जातीन. मी संग जाईन, पण बोलतीन त्याच."

"जय भीम!" वस्तीतल्या पोरांनी आरोळी ठोकली. कुणीतरी हलगी काढली. चिखलात पोरं नाचू लागली. स्नेहा आणि संस्कृती दोघी एकमेकींचे हात धरून गरगर फिरल्या, पडल्या, पुन्हा उठल्या. गोजराबाई पायरीवर बसून टाळ्या वाजवत होती.

लिलाबाई थोडा वेळ पाहत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला उभंही राहवत नाही. ती विहारात गेली, सतरंजीवर आडवी झाली, हात उशाला घेतला. बाहेर हलगी कडाडत होती, आणि हलगीच्या आवाजाआडून मशिनीच्या दांड्याचा खडखडाट येत होता. कोण पाणी काढतंय ते पाहायला ती उठली नाही. भर दुपारी तिला गाढ झोप लागली.