दाब, धर, सोड

त्या पिकअपचे ब्रेक म्हणजे नुसता वैताग होता. बाबांनी घेतलेली गाडी, वयाने दोघा भावांच्या आसपासची, आणि चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. सीटवरून अर्धं उठून सगळा जोर पेडलवर द्यावा तेव्हा कुठे ती थांबायची, तीही एका बाजूला ओढ खात. पण दादाने तिला कधी नावं ठेवली नाहीत. गॅरेज धाकट्याचं, गाडी दादाची. धाकट्याने नुसती चावी उचलली तरी दादा म्हणायचा, "ठेव ती. तुला गाडी चालवता येत नाही, फक्त खोलता येते."

मग दादाचा उजवा पाय गेला. एकदम जाता तर एकवेळ चाललं असतं, पण तो मेला हळूहळू निकामी होत गेला. आधी जिन्यावर अडखळणं, मग काठी. नसांचा आजार आहे, वाढतच जाणार, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार? पण धाकटा पडला मिस्त्री. बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीचा पार्ट बदलता येतो, असं मिस्त्री लोकांना वाटतं. पाय बदलता येत नव्हता, म्हणून त्याने ब्रेक बदलायचे ठरवले.

"पुढे डिस्क टाकतो, जोडीला बूस्टर बसवतो," तो दादाला म्हणाला. "नुसता पाय टेकवलास तरी थांबेल. मग खुशाल चालव."

दादाचा चेहरा असा उजळला की वहिनींना तिथून आत निघून जावं लागलं.

जुने ड्रम काही सुखासुखी निघाले नाहीत. हातोड्याने ठोकून ठोकून धाकट्याचे खांदे भरून आले. डिस्कला चिमटा घेणारे कॅलिपर बसवले तर ते जुन्या चाकाला घासायला लागले, म्हणून मोठी चाकं शोधून आणली. दादा रोज स्टुलावर बसून तोंडाचा पट्टा सोडायचा. "अरे, बोल्ट आवळतोयस की गोंजारतोयस?"

एकदा वहिनींनी हळूच विचारलं, "भावजी, चालवू शकतील ना हे?"

"न चालवायला काय झालं?" धाकटा खेकसला. वहिनींवर तो कधी आवाज चढवत नसे. त्याला भीती वाटत होती, दुसरं काय!

शेवटी राहिलं ब्रेकची हवा काढायचं काम. ते एकट्याने होत नाही. वरच्याने पेडल दाबून धरायचं आणि ओरडायचं, "धरलं!" खालच्याने चाकाजवळचा हवा सोडायचा निपल सैल करायचा, की ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून बाटलीत येतात आणि वर पेडल खाली बसतं. मग निपल आवळून म्हणायचं, "सोड." वर दादा, खाली धाकटा, ही वाटणी बाबांनीच लावून दिलेली. ती कधी बदलली नव्हती.

वहिनींनी आधार देऊन दादाला सीटवर बसवलं आणि त्या उघड्या दाराशी थांबल्या.

"दाब!"

"धरलं!"

काय तो आवाज! त्या आवाजाला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. धाकट्याने निपल सैल केला. नळी कोरडी. कचरा अडकला असेल म्हणून निपल काढून फुंकला, परत बसवला. पुन्हा "धरलं!" आणि पुन्हा तेच. आता काय झालं या गाडीला, असं पुटपुटत तो पाठीवरच सरकत बाहेर आला आणि त्याने दारातून वर पाहिलं.

दादाने स्टिअरिंग घट्ट पकडलं होतं. दात आवळलेले, कपाळावर घाम, नजर समोर. आणि त्याचा बूट पेडलच्या शेजारी मॅटवर नुसता पडून होता.

वहिनींनीही पाहिलं होतं. तोंडावर हात ठेवून त्यांनी मानेनेच सांगितलं, बोलू नका.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात. धाकटा तर आडवाच पडलेला होता. तो मुकाट्याने परत गाडीखाली गेला.

"सोड," तो म्हणाला. "दाब."

"धरलं!"

"सोड."

"ए," दादा म्हणाला, "पेडल खाली बसलं नाही."

"नवीन सिस्टीम आहे दादा. यात तसं होत नाही."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! मला शिकवतोस? अरे, तू पाना धरायला शिकला नव्हतास तेव्हापासून मी..." दादा मध्येच थांबला. सीट कुरकुरली. तो वाकून खाली बघत असणार.

"मी दाबलंच नव्हतं ना रे?"

"नाही, दादा."

"मला वाटलं दाबलं. शप्पथ. मला खरंच वाटलं."

मग वर हालचाल ऐकू आली. हातांवर जोर देत दादा पलीकडच्या सीटवर सरकत होता. "ये, बस इथे," तो वहिनींना म्हणाला. "उजवा पाय ठेव. मध्येच खाली जाईल, घाबरायचं नाही. पण सोडायचं पण नाही."

"मला नाही जमणार."

"मला तरी कुठे जमलं?"

धाकट्याने डोळे पुसले, पण ते लगेच पुन्हा भरले. "दाब!" तो कसाबसा म्हणाला.

पेडल वहिनींनी दाबलं, पण "धरलं!" दादाच ओरडला, पहिल्यासारखाच खणखणीत. निपल सैल होताच ऑइल बुडबुड्यांसकट धावत आलं. काम चोख झालं होतं. ब्रेक नुसता पाय टेकवला तरी लागणार होता.

"आलं का रे?" दादाने वरून विचारलं.

"आलं दादा," गाडीखाली पडल्या पडल्या रडत धाकटा म्हणाला, "भरपूर आलं."